थर्ड पार्टीचे नवचालकास अनावृत पत्र

रा. रा. नवचालकसाहेब यांस,
स. न. वि. वि.

लायसन्स हाती आले, गाडी दारात आली आणि आता विम्याचा हप्ता कसा वाचवावा याची चौकशी आपण सोसायटीच्या पार्किंगपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत चालवली आहे, असे कानावर आले. आपली-माझी ओळख नाही, पण आपल्या पॉलिसीत माझा उल्लेख आहे. पहिली पार्टी आपण, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा मी. कर्वे रस्त्यावर झेब्रा पट्ट्यांपाशी उभा राहून दोन्हीकडे (पुण्यात चारीकडे) बघणारा मी. दूधवाल्याच्या सायकलवर मी, इस्त्रीच्या हातगाडीमागे मी, आणि रिव्हर्स घेताना आपल्याला न दिसलेली कंपाउंडची भिंतही माझीच. आपल्या बचतीत माझा जीव गुंतला आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम अभिनंदन, कारण आपण तरुण आहात आणि भारतात गाडी चालवता. इंग्लंडमध्ये अठरा-वीस वर्षांच्या पोराला निव्वळ वयापायी जबर हप्ता बसतो. तो कमी करायचा तर गाडीत डबी बसवून घ्यावी लागते आणि पोरगा ब्रेक कसे मारतो हे कंपनी त्यातून बघत बसते. आपल्याकडे माझ्यापोटी भरायचा हप्ता सरकार ठरवते आणि ठरवताना इंजिनाची सीसी बघते; चालकाचे वय नाही, अक्कल तर नाहीच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आणि हजार ते पंधराशे सीसीला ३,४१६. जीएसटी वेगळा. म्हणजे मी आपल्याला दिवसाला साडेनऊ रुपयांच्या आत पडतो. एवढ्यात कटिंगही येत नाही. शिवाय हा आकडा सगळ्या कंपन्यांत सारखाच, तेव्हा माझ्यासाठी स्वस्त कंपनी शोधत रात्र जागवू नका.

नव्या गाडीला हा हप्ता तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून हे सुरू झाले. दुसऱ्या वर्षी पॉलिसीचे नूतनीकरण ‘राहून जाते’, हा आपल्या लोकांचा स्वभाव न्यायालयाने बरोबर ओळखला. रस्त्यावरची निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात, हे २०२४ साली संसदेच्या समितीपुढेही आले. आपल्या कँटीनमध्ये एखादा गणिती असेलच. तो सांगेल, हप्ता ३,४१६ आणि विना-विमा पकडले गेल्यास पहिला दंड २,०००, मग दंडच परवडला! त्याच कलमात तीन महिन्यांच्या कैदेचीही सोय आहे, ती तो गणितात धरत नाही. आणि माझे हाड मोडले तर भरपाई गाडीच्या मालकाकडून वसूल होते. आरसी बाबांच्या नावावर असेल, तर बाबांच्या फ्लॅटचे काय होईल तेही त्या गणित्याला विचारून ठेवा.

माझ्यावर बचत करायला एक चोरवाट मात्र आहे. मी जखमी झालो किंवा मेलो, तर कंपनीच्या देण्याला पॉलिसीत मर्यादा नाही. माझ्या मालमत्तेचे नुकसान मात्र साडेसात लाखांपर्यंतच. ही मर्यादा आपण ६,००० वर आणायला कबूल झालात, तर हप्त्यात सूट मिळते. किती? शंभर रुपये. एवढ्यासाठी माझी इस्त्रीची हातगाडी, तिच्यावरचे गिऱ्हाइकांचे कपडे आणि मागची भिंत, सगळे मिळून सहा हजारांत बसवायचे. आणि समोरची मालमत्ता जर्मन बनावटीची निघाली, तर तिचा एक हेडलाइटही त्यात बसणार नाही. वरची रक्कम आपल्या खिशातून. शंभराच्या नोटेवर इतका विश्वास टाकणारा माणूस विरळाच.

खरी बचत स्वतःच्या गाडीच्या विम्यात आहे, पण ती कंटाळवाणी आहे. शोरूममधल्या टेबलावरचा पहिला कोट म्हणजे देववाणी नव्हे. पॉलिसी कुठूनही घेता येते, आणि बाहेरचा कोट दाखवला की टेबलावरचाही उतरतो. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, पाडून हप्ता कमी करून देणारा दाता भेटला, तर गाडी चोरीला गेल्यावर हाती तेवढेच पडेल, हे त्याच्याकडूनच वदवून घ्या. पुणे-मुंबई महाग विभागात येतात म्हणून साताऱ्याच्या मामाच्या पत्त्यावर पासिंग करण्याचा सल्लाही मिळेल. मामाला सुखाने राहू द्या.

सगळ्यात मोठा पैसा आहे एनसीबीत, म्हणजे क्लेम न केल्याच्या बक्षिसात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. आता समजा, चौथ्या वर्षी आपण चार हजारांचा बंपर फोडलात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा सोय, घेतली नसेल, तर प्लॅस्टिकवर निम्मा घसारा गेला, दोन हजार. त्यातून सक्तीचे हजार वजा. कंपनीने हातावर ठेवले हजार रुपये. स्वतःच्या गाडीचा मूळ हप्ता दहा हजार धरला, तर पुढच्या वर्षी मिळणारी साडेचार हजारांची सूट गेली आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून. तरी ‘विमा आहे ना, मग क्लेम टाका’ असे गॅरेजवाला म्हणतोच. त्याच्याही घरी चूल आहे. आणि हे बक्षीस गाडीचे नसून मालकाचे असते. गाडी विकलीत तरी ते नव्या गाडीला लावून घ्या.

कळावे, लोभ सिग्नलपुरता तरी असावा.

आपला,
थर्ड पार्टी

ता. क. नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. पॉलिसी संपल्यावर एनसीबी ९० दिवस टिकतो. माझे संरक्षण त्याच रात्री संपते.