मलिदा लाटण्याविषयी

सरकारी खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली, पण मी कधी मलिदा खाल्ला नाही. हे वाक्य मी निरोप समारंभातही म्हटलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोने सुस्कारा सोडला. पुढे निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी मी मलिदा खाल्ला. उघडउघड, पंचवीस माणसांच्या साक्षीने आणि तीनदा मागून घेऊन. तो कुणा कंत्राटदाराने पाठवला नव्हता. रास्ता पेठेतल्या एका पंच्याऐंशी वर्षांच्या मावशींनी स्टीलच्या डिशमध्ये वाढला होता.

आपल्याकडे अमक्याने मलिदा खाल्ला म्हटलं की चौकशी लागते. बेने इस्राएली ज्यूंच्या घरात मलिदा खाल्ला म्हटलं की नवस फिटलेला असतो. एकाच मराठी भाषेत राहून एकाच शब्दाची अशी फारकत व्हावी, याला मी तरी सदाशिव पेठेला जबाबदार धरतो.

मावशींचा मुलगा बावीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होता. आडनाव कोकणातल्या गावाचं आणि पुढे रीतसर ‘कर’. ‘कर’ म्हटल्यावर सदाशिव पेठेतला माणूस स्वस्थ बसत नाही. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “अलिबागकडचे का?” तो म्हणाला, “हो.” मी विचारलं, “कोणते?” पुण्यात ‘कोणते’ म्हणजे काय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फाइलीतून मान वर न करता तो म्हणाला, “शनिवार तेली.”

घरी येऊन मी आईला सांगितलं. आईच्या डोक्यात अठरापगड जातींची अनुक्रमणिका होती, पण त्यात हे पान नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी खुलासा आणला: हे लोक ज्यू. कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाण्याला बैल जुंपायचे नाहीत, म्हणून गावकऱ्यांनी दिलेलं हे नाव. आईने विचार करून निर्णय दिला, “बरोबर आहे. शनिवारी मारुतीला तेल लागतं. ते शुक्रवारीच काढून ठेवत असतील. नीटनेटकी माणसं दिसतात.”

आमचा स्नेह जमला तो मात्र एका जहाजावरून. त्यांची कथा अशी की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, त्यांचा हा सगळा वंश. आम्हा चित्पावनांची कथा अशी की समुद्रातून चौदा प्रेतं कोकणच्या किनाऱ्याला लागली, परशुरामाने ती चितेवर शुद्ध करून जिवंत केली, त्यांचा आमचा वंश. दोन्हीकडे समुद्र तोच, दोन्हीकडे आकडा चौदा. मी हे मोठ्या उत्साहाने त्याला सांगितलं. तो म्हणाला, “फरक एवढाच, की आम्ही जिवंत आलो आणि तुम्ही मेलेले. म्हणूनच तुमच्याकडे पाहुण्याला चहा मिळायला इतका वेळ लागतो. अजून धुगधुगी यायची असते.”

त्यानंतर बावीस वर्षांत मी त्याला दोनदा घरी चहाला बोलावलं. दोन्ही वेळा वेळेवर दिला.

खाण्यापिण्याच्या बाबतीत तो माझ्या आजीच्या वळणाचा होता. खात्याच्या एका पार्टीत मी, सदाशिव पेठेतला ब्राह्मण, कोलंबीची तिसरी प्लेट संपवत होतो आणि तो शेजारी बसून म्हणत होता, “नको, आमच्यात चालत नाही.” माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. त्यामुळे बांगडा चालतो, कोलंबी नाही, खेकडा नाही. दूध आणि मटण एका जेवणात नाही, भांडीसुद्धा वेगळी. मग मटणाच्या रश्शाला दाटपणा कशाने? नारळाच्या दुधाने. गाईचं दूध वर्ज्य म्हणून माडाचं काढलं, ही युक्ती कोकणात राहणाऱ्यालाच सुचावी. शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला द्राक्षाची दारू हवी. कोकणात ती कुठली? मग काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत. आमच्या आजीचं सोवळं या मानाने ढिलं होतं, असं आता वाटतं. ती निदान भांडी चिंचेने घासून परत घ्यायची.

आमच्या टेबलांच्या मधल्या भिंतीवर दोन दिनदर्शिका असायच्या. एक सर्वांच्या घरी असते ती, दुसरी त्याची. त्यांचे महिनेही चंद्राचे आणि तेही आपल्यासारखेच एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना टाकतात. त्यामुळे एखाद्या वर्षी चुकामूक होते, एरवी सण एकमेकांच्या हातात हात घालून येतात. आपली होळी, त्यांचा पुरीम. आपली हनुमान जयंती, त्यांचा पेसाह. आपली कोजागरी, त्यांचा सुक्कोथ. जुन्या बेने इस्राएलांनी तर सणांची नावंच मराठीत करून टाकली होती. पुरीम म्हणजे होळीचा सण. नव्या वर्षाचा तो नव्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा उपवास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण तो वालाच्या बिरड्याने सुटायचा. पेसाहला आंबवलेलं काही चालत नाही, म्हणून तो अनशी ढाकायचा सण. घरातलं आंबट पाण्याचं मडकं त्या दिवसांत झाकून ठेवायचं. हे सारं हाईम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. पुस्तक त्यांनी १८९७ साली पुरं केलं आणि ते छापून आलं १९३७ साली, तेल अवीवला. मधली चाळीस वर्षं ऐकून मराठी लेखकांना नवल वाटू नये.

पण माझा आवडता सण दारफळणीचा. म्हणजे योम किप्पूर. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही आणि पंचवीस तास पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. पाणी सोडलं तर बाकीचं सगळं आमच्या पेठेत रोज दुपारी एक ते चार पाळलं जातं, तेही कुठल्याही धर्माच्या आधाराशिवाय. उपवासाची गोष्ट मात्र वेगळी. आमच्याकडे ‘उपास आहे’ हे वाक्य ऐकल्यावर बायका शेंगदाणे भाजायला घेतात. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मला पोटाला विश्रांती म्हणून लंघन करावं लागतं. २०२४ साली दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी आले, १२ ऑक्टोबरला. २०२५ साली पुन्हा एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला, वर गांधी जयंती. तीन सुट्ट्या एका तारखेत! आम्ही दोघेही निवृत्त झालो होतो म्हणून हा आघात सोसला. दोन्ही वर्षी मी श्रीखंड खाऊन झोपलो होतो आणि तो कोरडा उपवास करून सिनेगॉगमध्ये उभा होता. रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल माझंच वाढलेलं निघालं.

डॉक्टरांनी एक कागद दिला. तो बायकोने फ्रिजवर चुंबकाने लावला आणि आमच्या घरात सात्त्विकपणाचं राज्य सुरू झालं. सकाळी दुधीचा रस. नाश्त्याला ओट्सचं थालीपीठ, ज्याला लोणी लावायचं नाही. दिवाळीला एअर फ्रायरमधली चकली. तिला चकली म्हणणं म्हणजे शनिवारवाड्याच्या जोत्याला सातमजली वाडा म्हणण्यासारखं आहे. आकार कळतो, बाकी कल्पना करायची. गणपतीत नाचणीचे मोदक झाले. आरतीनंतर मी गणपतीकडे पाहिलं आणि गणपतीने माझ्याकडे. हे पदार्थ करायला बायकोला नेहमीच्या स्वयंपाकाच्या दुप्पट वेळ लागायचा आणि मला ते खायला तिप्पट. अशा घरात माणसं हळूहळू कमी बोलू लागतात.

अशात मित्राचा फोन आला. त्याची अँजिओप्लास्टी नीट पार पडली होती, आईने एलियाहू हनाबीचा नवस बोलला होता, रविवारी मलिदा होता. “वहिनींना घेऊन ये. पथ्याचं आहे.”

रास्ता पेठ माझ्या घरापासून तीन किलोमीटर. पण खुन्या मुरलीधराच्या आसपास वाढलेल्याला लक्ष्मी रोडचं पूर्वेकडचं टोक म्हणजे परदेशच. पुण्यातलं यहुद्यांचं देऊळ म्हणजे कँपातलं लाल देऊळ, डेव्हिड ससूननी १८६३ साली बांधायला घेतलेलं, एवढंच आम्हाला ठाऊक. ते बगदादी ज्यूंचं. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांचं सुक्कथ शेलोमो १९२१ पासून रास्ता पेठेतच आहे. त्याच्या जवळून मी अनेकदा गेलो असेन. पण पत्ता विचारल्याशिवाय पुणेकराला इमारत दिसत नाही आणि विचारणं त्याच्या स्वभावात नाही.

मोठ्या ताटात मलिदा मांडला होता. पोहे धुऊन निथळलेले, त्यात खवलेला ओला नारळ, बेताची साखर, वेलदोडा, जायफळ, बदामाचे काप, बेदाणे. वर खजूर, केळी, सफरचंद, चिकू, डाळिंबाचे दाणे. सगळ्यावर गुलाबाच्या पाकळ्या. आधी हिब्रूतून प्रार्थना झाली. एलियाहू म्हणजे अग्निरथातून स्वर्गात गेलेला प्रेषित. त्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्यातल्या खडकावर आहे, अशी यांची श्रद्धा. मग फळांचे आशीर्वाद, झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून उगवणाऱ्याचा वेगळा. हिब्रू शब्द कळत नव्हते, पण मधूनच मावशी हळू आवाजात सुनेला म्हणाल्या, “अगं, केळी काळी पडतायत,” तेवढं सगळ्यांना कळलं.

मी पहिला घास घेतला. तेल नाही, तूप नाही, गॅस नाही, मीठही नाही. आणि चव मात्र होती! बायकोने फ्रिजवरचा कागद मनातल्या मनात वाचला. तंतुमय पदार्थ, आहेत. ताजी फळं, पाच. सुकामेवा, मूठभर. तळलेलं, काही नाही. तिसऱ्या डिशपर्यंत तिने मला अडवलं नाही. तिसरीला मात्र म्हणाली, “नवस त्यांचा होता, तुमचा नाही.”

मावशींना तिने प्रमाण विचारलं. मावशी म्हणाल्या, “किती माणसं येणार ते बघायचं आणि त्याहून थोडं जास्त करायचं.” आमच्याकडे ‘त्याहून थोडं कमी’ अशी रीत असल्यामुळे बायकोने हे वाक्य दोनदा म्हणवून घेतलं. मग दोघींचं जमलं. बायको हुजूरपागेची. पद्मश्री मिळालेल्या बेने इस्राएली डॉ. जेरुशा झिराड याच शाळेच्या, हे कळल्यावर तिने मावशींच्या घरी अर्धं माहेर जाहीर करून टाकलं.

निघताना मित्राने एका चित्राची प्रत दाखवली. पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा, हिब्रू आणि मराठी, पुण्यातच १८७४ साली शिळाप्रेसवर छापलेली. तिच्यातल्या त्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनआंबवलेल्या पोळ्या करताहेत. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत पोळी भाजून व्हायला हवी, नाहीतर ती आंबली असं धरतात. मी चित्राची शैली, छपाई, इतिहास यावर बोलू लागलो. बायको चष्मा वर करून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, “यात पुरुष कुठे आहेत?”

कुणी बोलेना. ती पुढे म्हणाली, “दीडशे वर्षं झाली. पुण्यात कुठलाही सण असो, कुठलाही देव असो, पोळ्या लाटायच्या बायकांनी आणि मलिदा लाटायचा तुम्ही.”

मावशी इतक्या हसल्या की त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं. ते मित्राने आणलं, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो.

फ्रिजवरचा कागद अजून आहे, पण आता त्याच्यावर मावशींच्या प्रमाणाची चिठ्ठी लावलेली आहे. ओट्सचं थालीपीठ बंद झालं. नाचणीचे मोदक पुढच्या गणपतीत होणार नाहीत असं तोंडी आश्वासन मिळालं आहे. दर रविवारी सकाळी आमच्याकडे मलिदा असतो. पहिल्या रविवारी शेजारच्या काकूंनी डोकावून पेठेतला आद्य प्रश्न विचारला, “हा उपासाला चालतो का?” पोहे आहेत, चालत नाही, असं सांगितल्यावर त्यांची उत्सुकता संपली. आम्हालाही ते सोयीचंच, डिश वाचली.

मलिद्यात लाटायचं काही नसतं. भिजवायचं, खवायचं, चिरायचं आणि सोलायचं असतं. यातलं भिजवणं बायकोकडे आहे. बाकीची तीन कामं माझ्याकडे. नारळ खवताना बोट कापलं तर ते पथ्यात मोजत नाहीत. डाळिंब सोलायला पस्तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात जवळजवळ दोन वेळा पेसाहची पोळी भाजून होईल. वजन अजून उतरलेलं नाही.