मुरलेलं नाव

कैरीचा पत्ता नव्हता, पण भाच्याला लोणच्याच्या धंद्यासाठी वेबसाइटचा पत्ता हवा होता. तोही साधासुधा, एकाच शब्दाचा. “मामा, नुसतं ‘पिकल डॉटकॉम’ मिळालं ना, की गिऱ्हाईक आपोआप येतं!” अर्थात ते कुणीतरी कधीच घेऊन बसलं होतं. मग त्याने ‘लोणचे’ शब्द रोमन लिपीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितका लिहून पाहिला. गिऱ्हाइकाने यातली कुठली तऱ्हा लिहायची, हे तो बरणीवर छापणार होता.

१९९५ पर्यंत अशी नावं फुकट मिळत. पुढे दोन वर्षांचे शंभर डॉलर पडू लागले. तेव्हा ज्यांना शब्दकोश चाळायचं सुचलं त्यांचं कल्याण झालं. ‘बिझनेस डॉटकॉम’ १९९९ साली ७५ लाख डॉलरला गेलं, ‘व्हॉइस डॉटकॉम’ २०१९ साली तीन कोटींना. डॉलरच.

अशा नावावर ज्यांनी दुकान मांडलं, त्यांची कथा मात्र निराळी. ‘पेट्स डॉटकॉम’ फेब्रुवारी २००० मध्ये शेअर बाजारात उतरलं आणि नोव्हेंबरात बुडालं. नाव कुत्र्यालाही पाठ व्हावं इतकं सोपं. पण त्याच्या खाण्याची जड पोती घरपोच करण्याचा खर्च नावातून निघेना. त्याच सुमारास ‘फर्निचर डॉटकॉम’नेही शटर ओढलं. शिवाय सर्वांचा शब्द आपल्या एकट्याचा म्हणवून घेणंही सोपं नाही. ट्रेडमार्कसाठी ‘बुकिंग डॉटकॉम’ला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लढावं लागलं, निकाल लागला २०२० साली.

उलट बेझोसने पुस्तकांच्या दुकानाला नदीचं नाव दिलं. ‘फूडीबे’ने खाण्याशी असलेलं नातं तोडून ‘झोमॅटो’ हे नाव घेतलं, आणि लोक जेवायचे थांबले नाहीत. आपल्याकडे तर आडनावावर भागतं. बाकरवडीसाठी चितळे पुरतात.

हे सगळं मी भाच्याला समजावलं. त्याचे डोळे चमकले. “म्हणजे मामा, पैसा लोणच्यात नाहीच! नावं घालायची आणि मुरत ठेवायची!”

आता त्याच्याकडे हळद, पापड, चटणी अशी बरीच नावं मुरत पडली आहेत. गिऱ्हाईक अजून चाखायलाही आलेलं नाही. दरम्यान ताईने कैऱ्या फोडून लोणचं घातलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विकूनही टाकलं. बरणीवर नावच नव्हतं. फक्त ‘बरणी परत करावी’ एवढंच लिहिलं होतं. चिरंजीवांच्या नावांची वार्षिक फी त्यातूनच भरली जाते.