एनी गुड न्यूज?

मराठी घरात भांडण मराठीत होतं, अबोला धरला जातो तोही मराठीतच. गेट-टुगेदर मात्र इंग्रजीत होतं.

दिवाळी उलटली की एखाद्या रविवारी कर्जतच्या नाही तर लोणावळ्याच्या रिसॉर्टवर साठ-सत्तर आडनावबंधू एका रंगाचे टी-शर्ट घालून जमतात. पाठीवर आडनाव, त्याखाली ‘फॅमिली रियुनियन’. थोरल्या काकूंनी तो टी-शर्ट पैठणीवरच चढवलेला असतो. हातात माइक असलेला पुतण्या ‘हॅलो एव्हरीवन’ म्हणतो आणि तिथून संध्याकाळच्या चहापर्यंत सगळं घराणं गुण्यागोविंदानं नांदतं.

ही किमया इंग्रजीची. मराठीत जे विचारायला धीर लागतो, ते इंग्रजीत सहज विचारता येतं. लग्नाला तीन वर्षं झालेल्या सुनेला मराठीत छेडायचं तर बाजूला घ्यावं लागतं, आवाज खाली आणावा लागतो, ‘आता मनावर घ्या’ असं काहीतरी पुटपुटावं लागतं. तेच ‘एनी गुड न्यूज?’ हातात ढोकळ्याची बशी असताना पन्नास जणांदेखत फेकता येतं. सूनही ‘नथिंग ॲज सच, आंटी’ म्हणून चटणी वाढून घेते. ‘सो, व्हॉट आर यू डुइंग नाऊ?’ म्हणजे पॅकेज किती. ‘स्टिल इन पुणे?’ म्हणजे अमेरिकेचं घोडं कुठे पेंड खातंय. ‘यू लुक सो हेल्दी!’ याचा अर्थ सांगायला नको. ज्याला लागायचं त्याला लागतं आणि तोही वर ‘थँक यू’ म्हणतो.

हे शिक्षण शाळेतलंच. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या वर्षीची पहिलीतली पोरं आता तिशीत आहेत, आणि टी-शर्टची ऑर्डर तीच देतात. इंग्रजीतून नातेवाइकांबद्दल पहिल्यांदा त्यांनी जे लिहिलं, तो ‘माय फॅमिली’ नावाचा दहा ओळींचा निबंध. त्यात वडील दयाळू, आई प्रेमळ, आजोबा गोष्टी सांगणारे, आणि शेवटी ‘आय लव्ह माय फॅमिली’. त्या निबंधात बांध कोरणारा चुलता नव्हता, लग्नात आहेर परत पाठवणारी मावशी नव्हती, बारशाला बोलावलं नाही म्हणून बाराव्यालाही न आलेले मामा नव्हते. साहजिकच आज माइक हातात आला की त्याच दहा ओळी बाहेर पडतात.

ज्यांची ही भाषा, ते या कलेत आपले गुरू. 1992 साली ब्रिटनच्या राणीच्या मुलीचा घटस्फोट झाला, एक मुलगा बायकोपासून वेगळा झाला, थोरल्याचं फाटल्याची चर्चा गावभर झाली आणि विंडसरच्या वाड्याला आग लागली ती निराळीच. नोव्हेंबरात भाषणाला उभं राहून राणीबाईंनी त्या वर्षाची वासलात दोन लॅटिन शब्दांत लावली. घरचं इतकं झालं की इंग्रजीचाही पडदा तोकडा पडतो! पुढे मार्च 2021 मध्ये नातू आणि नातसून ओप्रा विन्फ्रेसमोर बसून घरचं सगळं बोलून मोकळे झाले, तेव्हा राजवाड्यानं एवढंच कळवलं की काही आठवणी ज्याच्या त्याच्या निराळ्या असू शकतात आणि बाकीचं आम्ही घरात बघू. आपल्याकडे ‘धादांत खोटं बोलतोय मेला’ इथून सुरुवात झाली असती आणि पणजोबांच्या दुसऱ्या लग्नापर्यंत विषय गेला असता.

आपली अडचण एवढीच की आपण गुरूंचं अर्धंच शिकलो. त्यांचा वाडा संस्थेच्या नावावर. आपल्या गावच्या वाड्याला वारस एकोणीस. महाराष्ट्रानं 1994 साली लग्न व्हायच्या असलेल्या मुलींना आणि देशानं 2005 साली सगळ्याच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांइतका हक्क दिला. त्या वेळी वडील हयात नसले तरी हक्क अडत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. तेव्हापासून आत्याचा भाव भलताच वधारला आहे. ‘वुई मिस यू सो मच, आत्तू!’ म्हणत भाचरं तिला विळखा घालतात. हक्कसोडपत्रावर तिची सही व्हायची बाकी असेल, तर विळखा चांगला घट्ट असतो. सही झालेली असेल तर नुसतं ‘हाय आत्तू’, तेही मोबाइलमधून मान वर न करता.

ग्रुप फोटोत एखाद्या जावयाला मागच्या रांगेत उभं केलं जातं. ‘सॉरी जिजू, लाइट प्रॉब्लेम,’ असं कुणीतरी म्हणतं आणि जिजूही ‘नो इश्यूज’ म्हणून दात दाखवतात. ते इश्यूज सोमवारी सकाळी साडेनऊला मराठीत निघतात. फोनवर, पाऊण तास, लेकीकडून आईला. त्यात 2011 सालच्या रुखवतातली पितळी समई असते, धाकट्या जावयाला दिलेला सूट असतो आणि ‘आमचं मेलीचं काय!’ हे ध्रुवपद असतं.

निघताना सगळे एकमेकांना ‘वुई आर वन बिग फॅमिली’ असं बजावतात. बजावायला काहीच हरकत नाही, कारण त्याची नोंद कुठेच होत नाही. तलाठ्याच्या दप्तरात अजून सगळा कारभार मराठीतच चालतो, आणि तिथे बिग फॅमिलीतल्या वारसांची नावं आणि क्षेत्र लिहिलेलं असतं. म्हणून आमचा सल्ला एवढाच, की पुढच्या वर्षीच्या टी-शर्टची ऑर्डर देताना माणसं आडनावावरून मोजू नयेत, सातबाऱ्यावरून मोजावीत. आत्याचा टी-शर्ट तरी विसरला जाणार नाही.