सभासद सापडला नाही

संगणकाला जोडायच्या वस्तूंमध्ये प्रिंटर सर्वांत भांडखोर. कागद अडकवतो, शाई मागतो आणि आपल्याला काय होतंय ते लाल दिवे लावून चारचौघांत सांगतो. स्कॅनर त्या मानाने समजूतदार. आरएफआयडी कार्ड वाचणारा रीडर मात्र अगदीच गरीब प्रकरण. तळहाताएवढा काळा डबा, एक वायर, एक दिवा आणि एक बीप. एवढ्या सामग्रीवर त्याला आयुष्य काढायचं असतं. त्यामुळे तो काम करेनासा झाला, की काय बिघडलंय ते त्याच्याकडून कळत नाही. शेजारीपाजारी चौकशी करावी लागते. आणि बिघाडही बहुतेक वेळा शेजारीपाजारीच असतो, असं माझं आता ठाम मत आहे.

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावातलं, ‘ब’ वर्गाचं. 1967च्या ग्रंथालय कायद्यानंतर वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लागले, आणि जसा वर्ग तसं अनुदान. त्या अनुदानात काय काय बसवावं लागतं हा विषय इथे काढला तर मूळ विषय राहील. सभासदांना कार्डं द्यायची आणि ती वाचायला रीडर घ्यायचा, असा ठराव कार्यकारिणीत झाला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. घरी लॅपटॉप असणे या एकाच पात्रतेवर ‘तांत्रिक बाजू’ माझ्याकडे आली.

कार्डं येण्याआधीच गावात त्यांच्याविषयी थोर कल्पना पसरल्या होत्या. “ह्यात माझी वर्गणी किती थकलीय ते दिसतं का हो?” असं एकाने हळूच विचारलं. दुसऱ्याला, घरी नेलेलं पुस्तक आपण खरंच वाचतो की नाही हे कार्यालयात कळेल अशी धास्ती होती. कार्डात असलं काही नसतं. प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि तिळाहून लहान चिप. बॅटरी नाही. रीडरच्या पोटातही एक वेटोळं असतं आणि त्यातून सेकंदाला सव्वा लाख आवर्तनांचा प्रवाह खेळत असतो. कार्ड जवळ आलं, की फॅरेडेने 1831 साली दाखवून दिल्याप्रमाणे कार्डातल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. पुन्हा सांगते. कार्ड दूर नेईपर्यंत तेवढंच सांगत राहते. एकूण मजकूर 64 बिटांचा. त्यातले पहिले 9 ‘इथून सुरुवात’ हे कळवण्यासाठी, 40 क्रमांकासाठी आणि उरलेले जवळजवळ सगळे, ऐकणाऱ्याने नीट ऐकलं की नाही याची पडताळणी करण्यासाठी. बोलण्यातला पाव हिस्सा ‘नीट कळलं ना?’ यावर खर्च करणारा सभासद आमच्या कार्यकारिणीत एकही नाही.

बाहेरून वीज पाठवून मुक्या वस्तूला बोलतं करण्याची ही युक्ती जुनी आहे आणि तिचा एक पूर्वज चांगलाच बदमाश होता. 1945 साली मॉस्कोतल्या सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेलं त्याच्याच देशाचं राजचिन्ह भेट दिलं. राजदूताने ते निवासस्थानात भिंतीवर लावलं. आत लेव थेरेमिनने बनवलेलं एक यंत्र होतं. त्याला ना बॅटरी, ना तार. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की ते खोलीतलं बोलणं त्या लहरींवरूनच परत पाठवी. 1952 साली सापडेपर्यंत ते भिंतीवर सुखाने लटकत होतं. याच थेरेमिनने हात न लावता वाजवायचं वाद्यही शोधलं होतं. ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. माणसाला वस्तूंना स्पर्श करण्याचाच कंटाळा असावा. त्याच्या यंत्रात आणि आमच्या कार्डात फरक इतकाच, की आमचं कार्ड स्वतःच्या क्रमांकाखेरीज कुणाचीही चुगली करत नाही.

आता जोडणी. रीडरबरोबर एक छोटी सीडी आली होती. ती घालायची कशात, हे तिलाच विचारायला हवं होतं, कारण सीडी घेणारा संगणक आता वाचनालयात नाही. पण तिची गरजही नव्हती. या जातीचे बरेच रीडर यूएसबीत खोचले, की संगणकाला स्वतःची ओळख ‘मी कीबोर्ड’ अशी करून देतात. संगणक भोळा, त्याला ते पटतं. मग कार्ड टेकवल्यावर रीडर क्रमांकाचे दहा आकडे एका दमात ‘टाइप’ करतो आणि शेवटी एंटर दाबतो. म्हणून जोडणीची पहिली परीक्षा वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची नाही. नोटपॅड उघडायचं, कार्ड टेकवायचं. आकडे उमटले तर रीडर, वायर आणि कार्ड तिघेही निर्दोष. पुढची चौकशी इतरांची. इतकी सोपी परीक्षा मी दुसऱ्या कुठल्याही यंत्राची पाहिलेली नाही.

मात्र कीबोर्ड झाल्यामुळे त्याच्या अंगी कीबोर्डाचा एक दोषही आला. कर्सर जिथे असेल तिथे तो लिहितो. समोर काय उघडलंय हे बघणं त्याच्या कामात बसत नाही. एका सकाळी ग्रंथपाल बाईंनी संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडून कार्यकारिणीच्या गटाला सभेची आठवण लिहायला घेतली, तेवढ्यात एका सभासदाने उत्साहाने कार्ड टेकवलं. दहा आकडे आणि एंटर. निरोप गेला. पुढच्या मिनिटाला एका सदस्याचं उत्तर आलं, “अभिनंदन!” दुसऱ्याने विचारलं, “हा नवीन नंबर कुणाचा? लागत नाहीये.” खरी भीती त्या एंटरची असते. पडद्यावर ‘नोंद काढून टाकायची का?’ असा प्रश्न उभा असताना कुणी कार्ड टेकवलं, तर रीडरची त्याला मनापासून संमती असते.

बीपबद्दलही सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त भांडणं बीपवरून झाली. बीप रीडर स्वतःच्या मनाने वाजवतो. कार्डाचा क्रमांक मला कळला, एवढाच त्याचा अर्थ. संगणकाने तो घेतला की नाही, सॉफ्टवेअरला पसंत पडला की नाही, याच्याशी बीपचा काही संबंध नाही. पण सभासदाच्या मते बीप झाला म्हणजे पुस्तक जमा झालं. “वाजलं होतं की!” हा पुरावा बाईंना महिन्यातून कितीदा तरी ऐकावा लागतो. दुसरीकडे काही वडीलधारे सभासद बीप व्हायची संधीच देत नाहीत. रीडरवर कार्ड दुरून गोल फिरवतात आणि खट्टू होतात. “आजोबा, ओवाळू नका, टेकवा,” असं बाई सांगतात. रीडरची पोच चार-सहा सेंटिमीटरची, आणि तीही कार्ड आडवं धरलं तर. कडेवर उभं धरलं तर वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र जातच नाही, चिपला वीज मिळत नाही. पाकिटासकट टेकवलं आणि पाकिटात तसलंच दुसरं कार्ड असलं, तर दोघंही एकदम बोलतात आणि रीडरला एकाचंही कळत नाही. या बाबतीत तो आमच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तलेखकापेक्षा प्रामाणिक आहे. न कळलेलं तो लिहीत नाही.

पहिल्या आठवड्यात पोच अगदीच कमी भरत होती. विक्रेत्याने फोनवर “पीस खराब असेल, पाठवून द्या” असं सांगितलं. पीस चांगला होता, टेबल लोखंडी होतं. धातूच्या पत्र्यात रीडरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भोवरे प्रवाह उठतात, ते उलटं क्षेत्र निर्माण करतात आणि रीडरच्या वेटोळ्याचा सूरही बिघडतो. शिपाईकाकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घरून जेवायचा जुना लाकडी पाट आणला. रीडर पाटावर बसला आणि त्या दिवसापासून वाचायला लागला. पितळी फुल्या काढलेला पाट आणला नाही, हे काकांचं भान मला कुठल्याही माहितीपुस्तिकेपेक्षा मोठं वाटतं.

पण खरा तिढा पुढेच होता. काही दिवस असे जात, की सकाळी सगळी कार्डं चालत आणि दुपारी एकही चालत नसे. बीप होई, आकडे पडद्यावर उमटत आणि खाली लाल अक्षरांत ओळ येई: ‘सभासद सापडला नाही.’ आजीव सभासद असलेले एक निवृत्त गुरुजी ती ओळ वाचून इतके दुखावले, की “हयात आहे अजून,” एवढंच म्हणाले. बाई कार्डावरचा छापील क्रमांक आणि पडद्यावरचा क्रमांक बोट ठेवून ताडून पाहत. “अहो, एकेक आकडा बरोबर आहे!” आणि तो बरोबरच होता. पडद्यावर ०००७८३४५६२ असं स्वच्छ दिसत होतं.

दिसत होतं, पण देवनागरीत. बाई दुपारी नवीन पुस्तकांची नावं मराठीत भरत. त्यासाठी कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर जाई, आणि आमच्या संगणकावर त्या कीबोर्डातून आकडेही मराठी उमटतात. रीडरने कळ दाबली सातची. संगणकाने ती मराठीतली मानली. आपल्याला ७ आणि 7 यांत फरक वाटत नाही. एसटीच्या पाटीवर एक, तिकिटावर दुसरा, आपण दोन्ही वाचून बरोबर गाडीत बसतो. संगणकाच्या हिशेबात मात्र ती दोन वेगळी चिन्हं. युनिकोडमध्ये देवनागरी सातचं घर वेगळं, दुसऱ्या साताचं वेगळं, आणि त्यांची एकमेकांकडे ये-जा नाही. सभासदांची यादी इंग्रजी आकड्यांत भरलेली, त्यामुळे मराठीत आलेला प्रत्येक माणूस परका. आपल्या गावात, आपल्या वाचनालयात, आपल्या भाषेतला क्रमांक सांगून ओळख पटू नये, यावर एखाद्याने अग्रलेख लिहिला असता. बाईंनी पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: ‘कार्ड घेण्याआधी भाषा बघणे.’

मग तो रीडर एकदा टेबलावरून पडला आणि नवीन आला. दिसायला हुबेहूब तोच. पुन्हा तीच लाल ओळ, या वेळी भाषा ठीक असूनही. नवीन रीडर गुरुजींच्या कार्डाचा क्रमांक 11935778 असा सांगत होता. इथे कार्डाकडे नीट बघण्याची वेळ आली. या कार्डांवर बहुधा दोन क्रमांक छापलेले असतात. गुरुजींच्या कार्डावर आधी 0007834562 आणि पुढे 119,35778. आपण दुसऱ्याकडे कधी लक्ष देत नाही. पण ते दोन क्रमांक नाहीत, एकच आहे. 119ला 65536ने गुणा, त्यात 35778 मिळवा, 7834562 येतात. आधीचा रीडर संपूर्ण संख्या सांगायचा, नवीन दोन तुकडे करून, मधला स्वल्पविराम गाळून. दोघंही खरं बोलत होते. रीडरची ही सवय बदलता येते; कुणाची आतलं बटण दाबून, कुणाची विक्रेत्याकडच्या छोट्या प्रोग्रॅममधून. आमचा प्रोग्रॅम त्या सीडीत होता.

पुढे सभासदांची यादी दुसऱ्या संगणकावर न्यायची म्हणून ती स्प्रेडशीटमध्ये घेतली, तर सगळ्या क्रमांकांपुढची शून्यं गेली. स्प्रेडशीटला ती संख्या वाटली, आणि संख्येपुढच्या शून्याला किंमत नसते हे ती शाळेत शिकलेली. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवला की शून्यं टिकतात.

दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या नातवंडांनी रीडरची वेगळीच परीक्षा घेतली. कुणी मेट्रोचं कार्ड टेकवलं, कुणी मोबाइल. रीडर ढिम्म. मेट्रोचं कार्ड आणि मोबाइलमधलं एनएफसी 13.56 मेगाहर्ट्झवर बोलतात, आमचा रीडर 125 किलोहर्ट्झवर ऐकतो. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग त्याहून निराळा, 865 ते 867 मेगाहर्ट्झचा, म्हणून तो टोलनाक्यावर काही मीटरवरून वाचता येतो. तोही आरएफआयडीच, पण यांची आपापसांत भाषा जुळत नाही. बाहेरून सगळी कार्डं सारखीच पांढरी, म्हणून नवी मागवताना विक्रेत्याला आकडा सांगून घ्यावीत. ‘ती दारं उघडायची असतात ना, तसली’ एवढ्याने भागत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. ही 125 किलोहर्ट्झची साधी कार्डं कुठलंही गुपित राखत नाहीत. जो रीडर जवळ येईल त्याला क्रमांक सांगून टाकतात, आणि तोच क्रमांक लिहून घेणारं कोरं कार्ड बाजारात स्वस्तात मिळतं. वाचनालयाला त्याची फिकीर नाही; गुरुजींच्या नावावर कुणी चोरून कादंबरी नेली तर निदान एक वाचक वाढला. पण तुमच्या सोसायटीच्या दाराला किंवा ऑफिसच्या तिजोरीच्या खोलीला असंच कार्ड असेल, त्यावर दहा आकडे आणि शेजारी स्वल्पविरामाचा दुसरा क्रमांक छापलेला असेल, तर कुलूप बदलण्याचा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर रीतसर घ्यायला लावा. आयत्या वेळच्या विषयांत ढकलू देऊ नका; तिथपर्यंत सभा आली की चहा येतो आणि विषय राहून जातो.