अदृश्य ड्राइव्हची थोरवी

फाइल दिसली की उघडावीशी वाटते, हा मनुष्यस्वभावातला जुना दोष आहे. तो घालवण्याचं पुण्यकर्म सध्या आयटी विभागांनी अंगावर घेतलं आहे, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

हल्ली हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतं दूरच्या सर्व्हरवर आणि आपल्या पडद्यावर येते त्याची नुसती खिडकी. विंडोज सर्व्हर 2008 पासून रिमोटॲप नावाची ही सोय आहे. प्रोग्राम आपल्याच मशिनवर असल्यासारखा वाटतो, पण ‘सेव्ह ॲज’ दाबेपर्यंतच. मग जी चौकट उघडते तिच्यात सर्व्हरचा सी ड्राइव्ह असतो, म्हणजे अख्ख्या ऑफिसचा संसार.

यावरचा उपाय फार सुंदर आहे. कुलूप लावायचं नाही, फक्त दिसू द्यायचं नाही. ग्रुप पॉलिसीत तशी तयार सेटिंग आहे. रजिस्ट्रीत ती ‘नोड्राइव्ह्ज’ या नावाने एका आकड्यात मावते. ए चा 1, बी चा 2, सी चा 4, असं दुप्पट करत जायचं आणि लपवायच्या ड्राइव्हची बेरीज लिहायची. नुसता सी लपवायला 4 पुरतो, पण 4 ला वजन नाही. खरा साधक सव्वीसच्या सव्वीस अक्षरं लपवतो आणि 67108863 लिहून मोकळा होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपले पूर्वज म्हणत. त्यांची पोच तेवढीच. इथे मूठ सहा कोटी एकाहत्तर लाखांवर गेली आहे.

चिन्हं गेली तरी प्रोग्राममधून ड्राइव्हपर्यंत पोचता येतं, असं मायक्रोसॉफ्टने या सेटिंगच्या वर्णनातच लिहून ठेवलंय. अशा टिपा वाचू नयेत, उत्साह मावळतो.

अकाउंट्समधल्या मॅडम फाइलच्या नावाच्या रकान्यात सी, कोलन, बॅकस्लॅश टाइप करून एंटर मारतात. सगळे फोल्डर हजर! यात पॉलिसीचा काय दोष? तिने दाखवायचं नाही एवढंच कबूल केलं होतं. नाव घेऊन विचारलं तर सांगायचं नाही, असं कुठे ठरलं होतं?

म्हणून जोडीला दुसरी पॉलिसी येते, प्रवेशबंदीची. आता एंटर मारला की निर्बंध असल्याचा आणि सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधण्याचा निरोप झळकतो. मॅडम आज्ञाधारकपणे फोन लावतात.

“पॉलिसी आहे, मॅडम.”

“अहो, पण जीएसटीचं एक्सेल सेव्ह कुठे करू?”

“तिकीट टाका.”

तिकिटाची वाट पाहताना मॅडमना त्याच चौकटीत एक ड्राइव्ह ठळक दिसतो, त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपचा. ड्राइव्ह रीडायरेक्शन चालू असलं की रिमोट डेस्कटॉप तो सोबत घेऊन जातो, आणि सर्व्हरवर त्याला अक्षरच मिळत नसल्यामुळे सव्वीस अक्षरांच्या बेरजेत तो धरलेलाच नसतो. म्हणजे कंपनीची फाइल कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायला मनाई, घरी न्यायला मुभा. कर्मचाऱ्यांवर एवढा विश्वास टाकणारी व्यवस्था दुसरी दाखवा.

काही अरसिक मंडळी सुचवतात की फोल्डरवरच परवानग्या लावा, कोणते प्रोग्राम चालावेत त्याची यादी ॲपलॉकरला द्या. होतं तसंही. पण मग कुणाला कोणता फोल्डर लागतो हे माहीत हवं, म्हणजे मॅडमना विचारायला हवं, म्हणजे खुर्चीतून उठून अकाउंट्सपर्यंत चालत जायला हवं. 67108863 ला कुणालाही काही विचारावं लागत नाही. शिवाय ऑडिटरच्या तक्त्यात ‘ड्राइव्ह लपवले आहेत का?’ असा रकाना असला, तर त्यात ‘होय’ लिहिता येतं, आणि ते शंभर टक्के खरं असतं.

जीएसटीचं एक्सेल सध्या मॅडमच्या लॅपटॉपवर, ‘न्यू फोल्डर (3)’ मध्ये सुखरूप आहे. आयटी विभागाचा पुढचा प्रस्ताव राइट क्लिक बंद करण्याचा आहे.