चार्टाचा गोतावळा

आप्पा पेनड्राइव्ह बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात, चुन्याच्या डबीशेजारी. दोन्ही वस्तू त्यांना सारख्याच लागतात आणि अंधारात बऱ्याचदा एकीच्या जागी दुसरीच हाताला येते.

आप्पा म्हणजे माझे चुलते आणि आमच्या पाणीवापर संस्थेचा आवाज. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातो. लांबी १३२ किलोमीटर. नकाशावर तो सगळ्यांना पाणी देतो. रानात मात्र टोकाच्या माणसाला पाण्याची पाळी सुटली होती हे कळतं, ते ती बंद झाल्यावर. ही तक्रार आप्पा कित्येक वर्षं तोंडी करत होते. मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की साहेब लोकांना तोंडी सांगितलेलं कळत नाही, पडद्यावर दाखवावं लागतं. मी पडलो मास्तर आणि मला एक्सेल येतं अशी भावकीत माझी बदनामी झालेली. त्यामुळे काम माझ्या गळ्यात.

आप्पांना कागदावरची आकडेवारी पाठ होती, चार्ट ठाऊक नव्हता. त्यात कमीपणा काही नाही. १७६३ साली आमच्याच तालुक्यातल्या राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा जगात कुणालाच बार चार्ट ठाऊक नव्हता. तो विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली छापला आणि १८०१ मध्ये पाय चार्ट आणला. आप्पा पाय चार्टला ‘भाकरी’ म्हणतात. कुणाला अर्धी, कुणाला चतकोर, टोकाला नितकोर. माझ्या मते प्लेफेअरला याहून चांगलं नाव सुचलं नसतं.

मी हौसेनं ती भाकरी त्रिमितीत केली. तिथंच घात झाला. तिरप्या ठेवलेल्या भाकरीचा पुढचा तुकडा डोळ्याला मोठा दिसतो, आणि पुढे आला होता आमचाच. आप्पांनी चष्मा पुसून पाहिलं. “आरं, आपली नितकोर चतकोर दिसायलीय. हे कोणाच्या बाजूनं काढलंस?”

भाकरी पुसून बार काढले. एक्सेलमध्ये कॉपी, पॉवरपॉइंटमध्ये पेस्ट, संपलं काम, असं मला वाटलं. एक्सेल १९८५ चं, पॉवरपॉइंट १९८७ चं आणि तेही दुसऱ्याच्या घरात जन्मून त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेलं, म्हणजे जवळपास दत्तकच. अशा भावंडांमधला व्यवहार सरळ कसा असणार? पेस्ट केलं की खाली पाच बारीक चित्रं उमटतात. त्यातली चार रंगारूपाची भांडणं सोडली तर दोनच प्रकारची आहेत, पाचवं वेगळं. मला ते जावयांच्या भाषेत कळलं.

पहिला प्रकार लिंकचा. हा जावई दिसतो तुमच्या ओसरीवर, पण प्रत्येक गोष्ट घरी विचारून सांगतो. नुसतं कंट्रोल व्ही दाबलं की हाच दारात येतो. साहेब लोकांसमोरच्या बैठकीच्या आदल्या रात्री आप्पांचा फोन आला, “दोन गावांचे आकडे चुकलेत, दुरुस्त कर.” मी घरच्या संगणकावर एक्सेलची फाईल दुरुस्त केली आणि निवांत झोपलो. पेनड्राइव्ह तोवर चुन्याच्या डबीशेजारी मुक्कामी होता. सकाळी पडद्यावर जुनेच आकडे. अपडेट करायला जावं तर फाईल सापडत नाही म्हणून संदेश. सापडणार कुठून? जावयाचं घर माझ्या टेबलावर, जावई बैठकीत.

शिवाय शीर्षकाचा फॉन्ट त्या संगणकात नव्हता. ‘पाणीपाळीचा आढावा’ या मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. एकाने ते पाणीपट्टीचं नवं दरपत्रक समजून उतरवूनही घेतलं.

त्या बैठकीत एक गोष्ट मात्र साधली. फरक ठळक दिसावा म्हणून मी उभा अक्ष शून्याऐवजी चाळीसपासून सुरू केला होता. एका तरुण इंजिनिअर साहेबांनी ते अचूक पकडलं. मला घाम फुटला. आप्पा शांतपणे उठले. “साहेब, तुमच्या धरणाचं शून्य तरी कुठं शून्यापासून हाय?” सभा गप्प. कारण बातम्यांत जायकवाडी शून्य टक्के म्हणतात तेव्हाही धरणात ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा असतो. टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या २१७१ चे. मराठवाड्यात दर पावसाळ्यात घरोघरी “किती टक्के झालं?” विचारतात, पण तो अक्ष कुठून सुरू होतो हे विचारणारे आप्पाच.

पुढच्या खेपेला मी शहाणा झालो आणि एम्बेड केलं. हा घरजावई. सगळं बिऱ्हाड घेऊनच येतो, घरी विचारायची गरज नाही. आकडे बरोबर, बार बरोबर. साहेबांनी विचारलं, “हा आकडा आला कुठून?” लॅपटॉपपाशी बसलेल्या पोराने उत्साहाने चार्टावर राइट क्लिक करून डेटा उघडला. घरजावयाच्या ट्रंकेत मी विसरलो होतो ते सगळं होतं, कारण चार्टाबरोबर एक्सेलची अख्खी फाईल येते. खाली तीन टॅब. पोराने कुतूहलाने तिसरा दाबला.

थकबाकी.

यादी मीच मोठ्या रकमेपासून लहानाकडे लावली होती. पहिल्या ओळीत आप्पा. त्याआधीची दहा मिनिटं ते वरच्या गावांच्या बुडव्यांवर बोलत होते.

पडदा भिंतीएवढा होता. प्रोजेक्टर बंद करायचं बटण सापडेना. एरवी दिवसातून चारदा जाणारी लाइट त्या दिवशी जागची हलली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “आप्पा, हे खाली सरकवा की, आमचं बी नाव बघू द्या.”

आता मी चार्ट चित्र म्हणून चिकटवतो. हा जावई फक्त लग्नाच्या फोटोत असतो. बोलत नाही, बदलत नाही, ट्रंक आणत नाही. आकडा चुकला तर सगळं पुन्हा करावं लागतं, आणि आप्पांचे आकडे रात्री अकराला चुकतात. पण मला हाच चालतो.

त्या थकबाकीच्या दिवशी घरी येईपर्यंत आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाणीपट्टीची पावती घेऊन आले, ती टेबलावर आपटली आणि म्हणाले, “हिचा बी चार्ट काढ.”