पाच तोळ्यांची गोळी

शिकार करणाऱ्या मनुष्याची मला कधी फारशी धास्ती वाटली नाही. तो बहुधा रानात असतो आणि तेथे त्याचा समाचार घेण्यास जनावरे समर्थ असतात. धास्ती वाटते ती शिकारीस निघण्यापूर्वी गोळीची निवड करीत बसलेल्या मनुष्याची. आमचे थोरले मामा या दुसऱ्या वर्गातले अग्रगण्य. मृगाच्या सरी कोसळून रानवाटा बंद झाल्या, की ओसरीवर सतरंजी अंथरून, चष्म्याच्या काचा धोतराच्या सोग्याने पुसून, विलायती बंदूकवाल्यांची सूचिपत्रे ते अशा भक्तिभावाने उघडीत, की पाहणाऱ्यास चातुर्मासातील पोथी सुरू झाली असे वाटावे. श्रोते दोनच असत: एक मी, आणि दुसरे पेन्शनीत निघालेले, पण वादात अद्याप सेवेत असलेले, एक मामलेदार.

गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगण्याची रीत आहे आणि कंपनी सरकारने १८३३ साली तोळा बरोबर १८० ग्रेनांचा ठरवून टाकल्यामुळे हा हिशेब माजघरातही समजण्याजोगा झाला होता. .६०० नायट्रो एक्स्प्रेस नामक हत्तीमार रायफलीची गोळी ९०० ग्रेनांची, म्हणजे नेमकी पाच तोळ्यांची, असे मामांनी एकदा सद्गदित होऊन सांगितले, तेव्हा चहा घेऊन आलेल्या मामी उंबऱ्यातच थबकल्या.

"हत्तीला पाच तोळे! आणि आमच्या पाटल्या मात्र पुढच्या दिवाळीला!"

"अगं, ते शिसं असतं."

"मग शिशाच्या करा. पण करा!"

मामांचा पंथ जड गोळीचा. मामलेदार हलक्या व वेगवान गोळीचे कैवारी, आणि त्यांचे दैवत बेल नावाचा स्कॉटिश शिकारी. या गृहस्थाने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले आणि त्यांतले बहुतेक .२७५ रायफलीच्या १७३ ग्रेनी, म्हणजे तोळाभरही न भरणाऱ्या, टणक गोळीने. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कोठे दडलेला असतो हे त्याने इतके बारकाईने अभ्यासिले होते, की वजनाचा प्रश्नच उरला नाही. "गोळी कशाला, त्याने टाचणीनेही मारला असता!" असे म्हणून मामा हा पुरावा दप्तरी दाखल करण्याचे नाकारीत.

मात्र नरम टोकाच्या गोळीचा विषय निघाला, की थट्टा थांबे. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी गोळी निघाली, तिचे टोक आवरणाबाहेर उघडे ठेवलेले असल्यामुळे ती देहात शिरताच पसरे; आणि ती इतकी भयंकर ठरली, की १८९९ साली हेगच्या परिषदेने असल्या गोळ्या युद्धात वर्ज्य केल्या. म्हणजे शत्रूवर जी झाडणे निषिद्ध, तीच सांबरावर झाडणे त्या काळी शिष्टसंमत. "त्या करारावर सांबराची सही नव्हती," असा मामलेदारांचा कायदेशीर अभिप्राय. मामांचे उत्तर मला आजही पटते. टणक गोळी हरणातून आरपार निघून जाते, जनावर जखमी होऊन झुडपात शिरते आणि दोन-दोन दिवस तळमळत मरते. पसरणारी गोळी आपले सारे बळ देहातच खर्ची घालते आणि त्याला जागीच सोडवते. उलट गव्याच्या खांद्यापुढे नरम गोळी वरच्यावर फुटून जाते. तेथे टणकच हवी. तात्पर्य, गोळी निवडण्यापूर्वी समोर कोण येणार हे ठाऊक असले पाहिजे. आणि हाक्यात हरणाची वाट पाहणाऱ्यापुढे डुक्कर निघते, हा सनातन नियम.

एवढ्या मंथनानंतर मामा परवाना घेऊन शहरातल्या दुकानात जात. .३०३ चे काडतूस फौजेचे, सबब रयतेस मनाई. राहता राहिली इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल. तिची २४४ ग्रेनी गोळी नरम हवी, आवरण खांद्यापर्यंत हवे, अशी फर्माईश मामा करू लागले, की दुकानदार परवान्यावरील संख्या पाहून तेवढी काडतुसे मुकाट्याने मोजी आणि म्हणे, "साहेब, ही आहेत. नाहीतर नाहीत."

अशा दिवशी मामलेदारांना चंपावतची नरभक्षक वाघीण हटकून आठवे. १९०७ साली शिकारी जिम कॉर्बेट साहेब तिच्यामागे गेले ते तीनच काडतुसे घेऊन. ती संपली, वाघीण अद्याप उभी, तेव्हा हाक्याच्या बंदोबस्तास आलेल्या तहसीलदाराची बंदूक त्यांनी हिसकावून घेतली, तर तिच्या नळ्या आणि त्यांच्यामागचा ठोकळा यांच्यामध्ये उजेड दिसेल एवढी फट! तीच बंदूक झाडली आणि वाघीण कोसळली.

"कोणी निवडली होती ती गोळी? किती ग्रेनांची?" मामलेदार विजयाने विचारीत. "महसूल खात्याची होती, एवढं पुरे!"

"अहो, वाघीण मेली ती आधीच्या जखमांनी," मामा म्हणत. "तुमची गोळी धरली होती जबड्यावर आणि लागली पंजाला!"

"लागली ना?" मामलेदार पानाला चुना लावीत म्हणत, "शंभर टक्के वसुली कोणत्या तालुक्यात झाली आहे, सांगा."